नाव 'बेरोजगारांचं पुडिंग', पण आज कॅनडाच्या हॉटेलांत लोक ते आवडीनं मागवतात

कॅनडाचं खाणं म्हटलं की आपल्याला आठवतं मेपल सिरप. फार तर रील्समध्ये दिसणारं पुटीन, म्हणजे फ्रेंच फ्राइज, त्यावर चीजचे तुकडे आणि गरमागरम ग्रेव्ही.

पण तिथल्या क्युबेक प्रांतात एक गोड पदार्थ मिळतो, 'पुडिंग शोमर'. फ्रेंचमध्ये 'शोमर' म्हणजे बेरोजगार.

आता गोड पदार्थाला असलं नाव का?

तर १९२९ मध्ये महामंदी सुरू झाली. कॅनडातही कारखाने बंद पडले. १९३३ पर्यंत तिथल्या दर चार कामगारांपैकी किमान एकाच्या हाताला काम नव्हतं. अशा दिवसांत मॉन्ट्रियलमधल्या कामगार बायकांनी घरात होतं नव्हतं त्यातून हे पुडिंग केलं, असं सांगतात.

साहित्य अगदी साधं. मैदा, बेकिंग पावडर, थोडं लोणी आणि दूध. दूध नसेल तर पाणी. हे सैलसर पीठ भांड्यात घालायचं आणि वरून ब्राऊन शुगरचा उकळता पाक ओतायचा. ढवळायचं मात्र नाही. खरी गंमत ओव्हनमध्ये होते. पीठ फुगून वर येतं आणि पाक तळाशी जातो. वर मऊ केक, खाली दाट गोड रस. अंडी नाहीत, क्रीम नाही, तरी पोरं खूश.

आज हॉटेलात हेच पुडिंग मेपल सिरप आणि क्रीम घालून करतात. एक लिटर सिरपसाठी मेपलच्या झाडाचा साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. त्यामुळे गरिबांच्या पुडिंगमध्ये आता महागडा पाक असतो.

कॅनडाच्या इतर फेमस गोड पदार्थांमागेही मोठे शेफ नाहीत.

'बटर टार्ट' घ्या. खुसखुशीत छोटी वाटी, आत लोणी, साखर आणि अंड्याचं अर्धवट घट्ट सारण. त्यात मनुके घालायचे की नाही, यावर तिथं आजही वाद होतात. या सारणाची जुनी छापील कृती सापडते १९०० मधल्या एका पुस्तकात. ऑन्टारियोतल्या बॅरी गावच्या हॉस्पिटलला मदत करणाऱ्या महिला मंडळानं ते काढलं होतं.

दुसरा 'नानाइमो बार'. नानाइमो हे व्हँकूव्हर बेटावरचं जुनं कोळसा खाणींचं शहर. खाली बिस्किटाचा चुरा, खोबरं आणि कोको, मध्ये कस्टर्डच्या चवीचं लोणी, वर चॉकलेट. ओव्हनची गरजच नाही. याचीही जुनी कृती १९५२ मध्ये तिथल्या हॉस्पिटलच्या महिला मंडळाच्या पुस्तकात आली, तीही 'चॉकलेट स्क्वेअर' अशा साध्या नावानं.

२०१९ मध्ये बटर टार्ट आणि नानाइमो बार थेट कॅनडाच्या टपाल तिकिटांवर झळकले.

पण ज्या बायकांनी हे पदार्थ घडवले, त्यांचं काय? पुडिंग करणाऱ्या कामगार बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. बॅरीच्या पुस्तकात नाव छापलंय, पण ते 'मिसेस माल्कम मॅक्लिऑड' असं. माल्कम हे त्यांच्या नवऱ्याचं नाव.

तेव्हा कधी पुडिंग शोमर समोर आलं, तर गरम असतानाच खा आणि चमचा पार तळापर्यंत घाला. कारण खरी चव खालीच असते.