रॉबिन्सनचा जमाखर्च

रॉबिन्सन क्रूसोचे नाव ऐकले नाही असे मराठी घर विरळाच. परंतु त्याचा आपल्या सुरतेशी असलेला संबंध फार थोड्यांस ठाऊक असेल. डॅनियल डिफोची ही कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी निघालेल्या तिच्या दुसऱ्या भागात जहाजाच्या नियोजित मार्गात सुरतेचे नाव येते.

तथापि व्यापारी सुरतेस तो जवळचा वाटावा तो निराळ्याच कारणाने. निर्जन बेटावर एकटा पडल्यावर हा गृहस्थ कागदावर दोन रकाने आखून सुखदुःखाचा जमाखर्च मांडतो. नावे बाजूस एकटेपणा. जमेस, सोबती बुडाले तरी आपण वाचलो, हे. खांबावर रोज एक खाच पाडून तो दिवस मोजतो आणि अठ्ठावीस वर्षे तग धरतो.

जूल व्हर्नने १८८८ मध्ये अशाच बेटावर पंधरा मुले सोडली; त्यांनी मतदानाने आपला प्रमुख निवडला. व्हर्नच्या अनेक कथा मराठी मुलांपर्यंत पोहोचविणारे भा. रा. भागवत जन्माने इंदूरचे, म्हणजे आपल्यासारखेच बृहन्महाराष्ट्रीय!

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने येथील घराघराचे बेट केले. वरच्या मजल्यावर आम्हीही पिण्याचे पाणी, मेणबत्त्या, तांदूळ मोजूनच दिवस काढले. त्या मोजदादीनेच मनास धीर दिला.

शाळेत व शेजारी गुजराती बोलणाऱ्या आपल्या मुलांस मराठी वाचनाची गोडी लागावी, ही तळमळ प्रत्येक घरी आहे. त्यांना रोज रात्री अशा कथेचे एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे आणि ऐन संकटात पुस्तक मिटावे. पुढचे पान मुले स्वतःच उलटतील.