पक्षाघातानंतरचा वृद्ध मेंदू

मेंदूतील एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली, की तिच्यावर पोसल्या जाणाऱ्या चेतापेशी काही मिनिटांतच मरू लागतात. हानी तेवढ्यावर थांबत नाही. मृत पेशींतून पाझरणारी द्रव्ये शरीरातील संरक्षक पेशींना जागे करतात आणि पुढील कित्येक दिवस मेंदूत काय घडणार, हे बऱ्याच अंशी या पेशी ठरवितात.

यांपैकी काही पेशी मेंदूच्याच रहिवासी होत. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांचे स्वतंत्र अस्तित्व दाखवून दिले व त्यांना ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. तरुण मेंदूत त्या आपल्या बारीक शाखा हलवीत अखंड पहारा करतात, इजा होताच तिकडे वळतात आणि मृत पेशींचा केर गिळून टाकतात. वार्धक्यात त्यांच्या शाखा आखूड होतात, आत न पचलेला मळ साचतो. त्या मंदावतात, मात्र शांत होत नाहीत. दाह उत्पन्न करणारी द्रव्ये त्या थोड्याशा निमित्ताने आणि अधिक काळ स्रवत राहतात. थकलेल्या पहारेकऱ्याने चोरामागे धावू नये, पण रात्रभर आरडाओरडा करून घर जागे ठेवावे, तसाच हा प्रकार होय.

दुसरी तुकडी रक्तातून येते. न्यूट्रोफिल या श्वेतपेशींचे मूळ काम जंतूंशी लढण्याचे. येथे जंतू नसतात. त्यांच्यातील विकरे मग रक्तवाहिन्यांच्या भिंतीच कुरतडतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. वृद्ध उंदरांच्या मेंदूत या पेशी अधिक संख्येने शिरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात वृद्ध उंदरांना तरुण उंदरांची अस्थिमज्जा देण्यात आली, तेव्हा पक्षाघातानंतर त्यांच्या मेंदूत न्यूट्रोफिल कमी शिरले व त्यांच्या हालचालीही कमी बिघडल्या. मेंदू जुनाच होता. बदलले होते ते रक्ताचे उगमस्थान.

पक्षाघात हा मुख्यतः उतारवयाचा रोग. औषधांची पारख मात्र बहुधा काही महिन्यांच्या धडधाकट प्राण्यांवर होत आली. श्वेतपेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणारे ‘एन्लिमोमॅब’ हे प्रतिपिंड प्राण्यांत गुणकारी ठरले होते. २००१ मध्ये ६२५ रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो उलटा होता: औषध घेणाऱ्यांची स्थिती अधिक वाईट झाली. याचे खापर एकट्या वयावर फोडणे न्याय्य नव्हे. ते प्रतिपिंड उंदराचे असल्याने रोग्यांच्या शरीरानेच त्याला विरोध केला असावा. तरीही २००९ मध्ये पक्षाघाततज्ज्ञांच्या ‘स्टेअर’ या गटाने औषधे वृद्ध, तसेच रक्तदाब वा मधुमेह असलेल्या प्राण्यांवरही पारखावीत, अशी शिफारस केली. दीड वर्षाचा उंदीर मिळण्यास तो दीड वर्ष पोसावा लागतो, ही प्रयोगशाळांची अडचण मात्र शिफारशीने सुटत नाही.