पहिला भाग कोण काढणार?

बोरगाव मेघे (जि. वर्धा), वार्ताहर : हॉलिवूडला नव्या कल्पना सुचेनाशा झाल्या आहेत, अशी तक्रार गेली अनेक वर्षे ऐकू येते. २०२४ या वर्षाने तिला बळच दिले. त्या वर्षी जगभरात सर्वाधिक कमाई करणाऱ्या पहिल्या दहा चित्रपटांपैकी नऊ हे आधीच्या एखाद्या चित्रपटाचे पुढचे किंवा पूर्वकथेचे भाग होते. ‘इनसाइड आउट २’, ‘डेडपूल अँड वुल्वरिन’, ‘मोआना २’, ‘डेस्पिकेबल मी ४’ ही त्यांतील काही नावे. उरलेला ‘विकेड’ हाही ब्रॉडवेच्या रंगभूमीवर गाजलेल्या संगीतिकेवरच बेतलेला होता.

मात्र हॉलिवूडकडे बोट दाखवताना आपल्या चित्रपटगृहाबाहेरील फलकही पाहायला हवेत. २०२२ मध्ये ‘दे धक्का २’ आणि ‘टाईमपास ३’, २०२३ मध्ये ‘झिम्मा २’, २०२४ मध्ये ‘धर्मवीर २’ आणि ‘नवरा माझा नवसाचा २’ असे मराठी चित्रपट ओळीने आले. २०२२ च्या अखेरीस प्रदर्शित होऊन तुफान चाललेला ‘वेड’ हा ‘मजिली’ या २०१९ च्या तेलुगू चित्रपटाचा रिमेक होता. तेव्हा हा प्रश्न केवळ अमेरिकेचा राहिलेला नाही. निर्माते ओळखीच्या नावाकडे पुन्हापुन्हा का वळतात, त्यातून प्रेक्षकाला काय मिळते आणि काय गमावले जाते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

परंपरा जुनीच

तीच कथा पुन्हा सांगणे हे आपल्या चित्रपटसृष्टीला जन्मापासून ठाऊक आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. पुढे बोलपटाचे युग आल्यावर ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ काढला, तो त्याच हरिश्चंद्राच्या कथेवर. आणि तोही मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नंतर सात दशकांनी, २०२३ मध्ये, साने गुरुजींच्या त्याच पुस्तकावर नवा चित्रपट आला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९११ मधील ‘मानापमान’ नाटकावरून २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट निघाला. हॉलिवूडमध्येही ‘अ स्टार इज बॉर्न’ ही एकच कथा १९३७, १९५४, १९७६ आणि २०१८ अशी चार वेळा चित्रित झाली आहे.

पूर्वीच्या पुनर्कथनात आणि आजच्या लाटेत एक फरक मात्र आहे. पूर्वी कथा लोकप्रिय असे, म्हणून ती पुन्हा सांगितली जाई. आज पुष्कळदा चित्रपटाचे नाव लोकप्रिय असते आणि कथा त्या नावासाठी नंतर शोधली जाते.

जोखमीचे गणित

चित्रपटाचा खर्च निर्मितीवर संपत नाही. तो आला आहे, हे लोकांना कळवण्यासाठी जाहिरातीवर मोठी रक्कम ओतावी लागते. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांचा प्रसिद्धीखर्च काही वेळा निर्मितीखर्चाच्या जवळ जातो. ज्या नावाची ओळख लोकांना आधीपासून आहे, त्याच्या जाहिरातीचे अर्धे काम झालेलेच असते. पैसा पुरवणारे, वितरक, वाहिन्या आणि ओटीटी कंपन्या यांनाही कागदावरील नव्या कथेपेक्षा आधीच्या यशाचा दाखला अधिक पटतो.

मराठी निर्मात्यापुढे आणखी एक अडचण असते, ती पडद्याची. चित्रपट चांगला असूनही त्याला सोयीच्या वेळेचे खेळ मिळत नाहीत, ही तक्रार इतकी वाढली, की २०१५ मध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट दाखवण्यासाठी वेळेची सक्ती करावी लागली. पहिल्या शुक्रवार ते रविवारात गर्दी झाली नाही, तर सोमवारी खेळ कमी होतात. नवख्या कथेची कीर्ती तोंडोतोंडी पसरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. ओळखीच्या नावाला पहिल्याच दिवशी प्रेक्षक मिळण्याची शक्यता अधिक असते.

यात प्रेक्षकाचाही वाटा आहे. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेतील चौघांच्या कुटुंबाने एखाद्या रविवारी सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपूरला जाऊन चित्रपट पाहायचे ठरवले, तर तिकिटे, प्रवास आणि खाणेपिणे यांचा खर्च महिन्याच्या जमाखर्चात ठळकपणे दिसतो. एवढे पैसे मोडायचे, तर ते वाया जाऊ नयेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. अनोळखी चित्रपट ‘नंतर मोबाइलवर पाहू’ या यादीत जातो आणि तिकीट निघते ते माहितीतल्या नावाचे. निर्मात्याला जी जोखीम कोटींत नको असते, तीच आपल्याला शेकड्यांत नको असते.

कायदा काय सांगतो?

दुसऱ्याच्या चित्रपटावरून रीतसर रिमेक करायचा, तर हक्क विकत घ्यावे लागतात. सर्वसाधारणपणे ते मूळ निर्मात्याकडे असतात. लेखकाने करारात आपला वाटा राखून ठेवला नसेल, तर त्याची कथा चार भाषांत गेली तरी त्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. दुसरीकडे, कॉपीराइट कायदा निव्वळ कल्पनेला संरक्षण देत नाही. ती कल्पना ज्या रूपात मांडली गेली, त्या रूपाला देतो. ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी ‘न्यू दिल्ली’ या १९५६ च्या चित्रपटाविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच तत्त्व मांडले आणि निकाल चित्रपटाच्या बाजूने दिला. बीज एक असले, तरी मांडणी वेगळी असेल, तर ती चोरी ठरत नाही. ‘प्रेरणा घेतली’ या शब्दांमागे बरेच काही दडते, ते या फटीमुळे.

कथा रुजते, कथा उपटली जाते

रिमेक म्हणजे हमखास निकृष्ट, असे मात्र नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा मराठीतच आहे. सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा मुळात हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर आधारलेला. भाड्याच्या खोलीसाठी दोघांनी स्त्रीवेष घ्यायचा, हे सूत्र तेच. पण वसंत सबनीस यांच्या संवादांनी आणि पुण्यातील घरमालकांच्या वातावरणाने ते असे मराठी होऊन गेले, की आज मूळ चित्रपट थोड्यांनाच आठवतो आणि ‘बनवाबनवी’चे संवाद मात्र तीन पिढ्यांना पाठ आहेत. परक्या रोपाला इथली माती मिळाली की ते इथलेच होते.

उलट उदाहरणही मराठीशीच जोडलेले आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) करमाळा परिसरातील गावात, तेथील बोलीत आणि तेथील जातवास्तवात घट्ट रुतलेला होता. हिंदीत तो २०१८ मध्ये ‘धडक’ होऊन उदयपूरला गेला. प्रेमकथा राहिली, दोन गाणी राहिली. परंतु आर्ची आणि परशा यांच्या मधली जातीची भिंत, जिच्यामुळे त्या शेवटाला अर्थ होता, ती पुसट झाली. पुढची गंमत अशी, की २०२५ मध्ये ‘धडक २’ आला, तो ‘धडक’ची कथा पुढे नेणारा नव्हे, तर ‘परियेरुम पेरुमाळ’ या २०१८ च्या तमिळ चित्रपटावर आधारलेला. जातीचा प्रश्न त्यात मध्यवर्ती होता. एका चित्रपटाचे नाव आणि दुसऱ्याची कथा, असा हा संसार. नावाला कथेपेक्षा अधिक भाव आल्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

हमी कुणाचीच नाही

शिवाय, ओळखीचे नाव म्हणजे यशाची खात्री, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. ‘जोकर’ने २०१९ मध्ये जगभरात १०० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली, त्याचा २०२४ मधील दुसरा भाग सपाटून आपटला. ‘बेन-हर’च्या १९५९ च्या आवृत्तीने अकरा ऑस्कर मिळवले, २०१६ च्या आवृत्तीने निर्मात्यांना मोठा तोटा दिला. याउलट २०२५ मध्ये रायन कूगलर यांचा ‘सिनर्स’ हा पूर्णतः नव्या कथेवरील चित्रपट अमेरिकेत जोरात चालला.

मराठीत तर हे अधिक ठळकपणे दिसते. मराठी चित्रपटाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणारा ‘श्वास’ (२००४) कशाचाही दुसरा भाग नव्हता. कमाईचे सगळे विक्रम मोडणारा ‘सैराट’ नवी कथा आणि नवे चेहरे घेऊन आला. मंगळागौरीच्या स्पर्धेभोवती सहा बहिणींची कथा गुंफणारा ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) स्वतःच्याच बळावर चालला. ज्यांचे पुढचे भाग निघाले, ते ‘झिम्मा’, ‘टाईमपास’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई’ हेदेखील प्रथम आले, तेव्हा नवखेच होते.

मुद्दा नेमका येथे आहे. दुसरा भाग काढण्यासाठी आधी कुणीतरी पहिला भाग काढावा लागतो. रिमेकच्या बाजारात विकायला ठेवलेली प्रत्येक कथा कधीतरी कुणीतरी जोखीम पत्करून प्रथमच सांगितलेली असते. आज चाललेला व्यवहार हा मागच्या वीस-तीस वर्षांतील धाडसावरचे व्याज आहे. मुद्दलात भर पडली नाही, तर पुढील पिढीपाशी पुन्हा सांगण्याजोगेही काही उरणार नाही.

विदर्भापुरते बोलायचे, तर येथे कथांचा दुष्काळ नाही. शेतकरी आत्महत्यांचा विषय सतीश मनवर यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) वेगळ्याच नजरेने मांडला. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांच्या फुटबॉलवर मंजुळे यांनी ‘झुंड’ (२०२२) हा हिंदी चित्रपट केला. तथापि वऱ्हाडी बोली अद्याप पडद्यावर बहुधा विनोदापुरतीच येते. कापसाच्या बाजारापासून सेवाग्रामच्या आश्रमापर्यंत या जिल्ह्यात जे घडले आणि घडते आहे, त्यातील फारच थोडे पडद्यावर आले आहे.

निर्माता पैशांचा हिशेब पाहणार, यात गैर काही नाही. तो हिशेब बदलण्याचे साधन मात्र प्रेक्षकाच्याच हाती आहे आणि ते पहिल्या आठवड्यातच वापरावे लागते. वर्षाकाठी पाहिल्या जाणाऱ्या चार चित्रपटांत एक तरी अनोळखी नावाचा निवडला, तर तो आवडेलच असे नाही. पण त्या तिकिटाची नोंद वितरकाच्या वहीत होते, आणि पुढच्या वर्षी कोणती कथा पडद्यावर यायची, हे त्याच वहीवरून ठरते.