फुले, निळू

(१९३०–१३ जुलै २००९). मराठी रंगभूमी व चित्रपट यांतील ख्यातनाम चरित्र अभिनेते. संपूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म पुणे येथे. तरुणपणी तेथील सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्यांच्यावर अभिनयाचे संस्कार झाले. कथा अकलेच्या कांद्याची या लोकनाट्याने त्यांना लोकप्रियता दिली, तर अनंत माने यांच्या एक गाव बारा भानगडी (१९६८) या चित्रपटातील झेलेअण्णांमुळे खलभूमिकांची परंपरा सुरू झाली.

आरडाओरडीऐवजी किंचित घोगरा आवाज, सावकाश शब्दफेक व तिरपी नजर ही त्यांची साधने होत. जब्बार पटेल दिग्दर्शित व विजय तेंडुलकर लिखित सामना या चित्रपटातील (बर्लिन महोत्सव, १९७५) साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटील अगत्याने पाहुणचार करतो; त्याची दहशत जाणवते ती या अगत्यातूनच. श्रीराम लागू यांच्या मास्तरांसमोर हा सत्ताधीश हळूहळू खचत जातो. ग्रामीण सत्तेचे असे चित्रण मराठी पडद्यावर विरळाच. याच पटेलांच्या सिंहासनमधील (१९७९) हतबल पत्रकार दिगू टिपणीस मात्र पूर्णतः वेगळा. तेंडुलकरांच्या सखाराम बाइंडर (१९७२) नाटकातील त्यांचा सखारामही गाजला. सारांश (१९८४) या हिंदी चित्रपटात त्यांनी गुंड पुढारी रंगविला.

खलपुरुषाची प्रतिमा इतकी रुजली, की ग्रामीण स्त्रिया त्यांना प्रत्यक्षातही दुष्ट समजत. वस्तुतः अंधश्रद्धा निर्मूलन, तसेच सामाजिक कृतज्ञता निधी या कार्यांत ते लागूंसमवेत सक्रिय होते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९१ मध्ये लाभला. पुणे येथे त्यांचे निधन झाले.