वनस्पतिक्वाथ, रजतकण आणि आपले सांडपाणी

कडुनिंबाच्या पानांचा क्वाथ रजत अथवा सुवर्णाच्या क्षारद्रावणात मिसळला असता धातूचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केले. पाठोपाठ 2005 मध्ये आमलकी फळाच्या अर्काने असेच कण सिद्ध झाले. निंब व आमलकी ही नावे वाचून वैद्यवर्गास कौतुक वाटावे, हे स्वाभाविकच होय.

एरवी असे कण मिळविण्यासाठी सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र रसायने योजतात. येथे ते कार्य वनस्पतीतील फ्लॅव्होनॉइड, टॅनिन आदी द्रव्ये करतात आणि तीच कणांवर आवरण चढवून त्यांना परस्परांस चिकटू देत नाहीत. रजताचे द्रावण पिवळसर-तपकिरी होऊ लागले की कण बनू लागल्याचे कळते. तीव्र रसायन टळते, म्हणून या विद्येस 'हरित' म्हणतात.

तथापि हरित म्हणजे निरुपद्रवी नव्हे. निंबाने घडविले तरी रजत ते रजतच. पाण्यात त्यातून आयन सुटत राहतात आणि ज्या गुणाने ते रोगजंतू मारतात, त्याच गुणाने शैवाल, जलपिसू व मैलापाणी शुद्ध करणारे उपकारक जंतूही मरतात. प्रक्रिया हरित असली तरी तिचे सांडपाणी कोठे जाते, हा प्रश्न उरतोच.

हाच प्रश्न आम्ही आपल्या रसशाळांनाही विचारू इच्छितो. नाग, वंग, ताम्र यांच्या सामान्य शोधनात तप्त धातू तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुलत्थक्वाथ यांत प्रत्येकी सात वेळा बुझवितात. त्या द्रवांत धातूचा अंश उतरतो. ते मोरीत ओतले तर पुढे काय? शिरवण्याचेच पाहा. गावठाणाच्या पूर्वेस ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि पश्चिमेस ठाण्याची खाडी. पट्ट्यातील नाले अखेर खाडीसच मिळतात. त्याच खाडीचा काही भाग 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व 2022 मध्ये रामसर स्थळांत गणला गेला. खाडीच्या चिखलात जिरलेले शिसे नाहीसे होत नाही.

औषधनिर्मितीच्या अनुसूची 'टी'मध्ये सांडपाणी व अवशेष प्रदूषण-नियंत्रण यंत्रणेच्या मार्गदर्शनानुसार योग्य प्रक्रिया करूनच सोडावेत, असे स्पष्ट आहे. धातुशोधनाचे द्रव स्वतंत्र पिंपात साठवावेत, ते क्वाथाच्या चोथ्यात मिसळू नयेत. चोथ्याचे उत्तम खत होते, पण शिशाचा संसर्ग झाला की ते खत राहत नाही. केवळ चुना टाकून गाळ बसविणे अपुरे. गोमूत्र व तक्रातील सेंद्रिय द्रव्ये धातूस द्रवातच धरून ठेवतात. वर्षातून काही वेळा शिसे व ताम्र यांची चाचणी करवून घ्यावी. घातक गाळासाठी तळोजे येथे शास्त्रीय विल्हेवाटीचे केंद्र आहे.

जाता जाता एक सूचना. भस्म रेखापूर्ण व वारितर ठरले म्हणजे ते 'नॅनो' झाले, असे वेष्टनावर छापू नये. बोटाच्या रेषेत मावणारा कण नॅनोमापाहून कितीतरी मोठा असू शकतो आणि तरंगणे हा पृष्ठताणाचाही परिणाम असतो. कणाचे खरे माप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. त्याचा अहवाल हाती असेल, तरच तो शब्द योजावा.