सांबरशिंग, कुंपण आणि रानातले शेजारी

पूर्वीच्या घरांत सहाणेशेजारी एक लहानसा डबा असे. त्यात हळकुंड, वेखंड, सुंठ, मायफळ आणि त्यांच्याच सोबतीला बोटभर लांबीचा एक करडा, खडबडीत तुकडा. पाठीत उसण भरली, छातीत दुखू लागलं, की आजी तो तुकडा उगाळायची आणि कोमट लेप लावायची. तेच सांबरशिंग. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी लहानपणी तो लेप लावून घेतला असेल. पण हे शिंग येतं कुठून, त्यासाठी सांबर मारावं लागतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं असेल?

आमच्या कर्जत-खालापूर भागात हा प्रश्न नुसत्या डब्यापुरता राहिलेला नाही. मुंबई-पुण्याहून दोन तासांवर म्हणून इथे पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे घेऊन घर बांधणारी कुटुंबे वाढली. आपल्या वाचक भगिनींपैकीही कित्येकींचे असे घर असेल, निदान मनात तरी असेल. भीमाशंकरच्या अभयारण्याचे रान घाट उतरून खांडसच्या बाजूला येते. माथेरानचा डोंगर एका अंगाला, राजमाचीचा दुसऱ्या अंगाला. म्हणजे आपण जमीन घेतो ती रिकामी नसते. तिथले राहणारे रात्री येतात, इतकेच.

शिंग गळते म्हणजे काय?

गाई-म्हशींची शिंगे आपल्या ओळखीची. आत हाड, वर नखासारखे आवरण; एकदा आली की जन्मभर राहतात. काळविटाचेही तसेच. पण सांबर, चितळ, भेकर यांचे शिंग वेगळे. ते सबंध हाडच असते, बहुधा नरालाच येते, आणि गळून पुन्हा नवे फुटते. आमच्याकडच्या सांबराची शिंगे साधारण उन्हाळ्यात गळतात. मृगाचा पाऊस सुरू होतो तेव्हा डोक्यावर नवे कोंब वाढत असतात. त्यांच्यावर मखमलीसारखी मऊ कातडी असते आणि आतून रक्त खेळत असते. पावसाळा सरता सरता वाढ पुरी होते, कातडी वाळते, आणि नर झाडाच्या बुंध्यावर शिंगे घासून ती सोलून काढतो. थंडीत या शिंगांनी माद्यांसाठी झुंजी होतात. पुढल्या उन्हाळ्यात ती पुन्हा गळतात. दोनशे किलोंच्या वर भरणाऱ्या या जनावराच्या डोक्यावर हाताच्या लांबीएवढे हाड दरसाल नव्याने उगवते, हे नवलच नव्हे का?

मग गळलेले शिंग वाया जाते? मुळीच नाही. साळिंदर ते कुरतडते. हरणेही चघळतात. त्यात चुना आणि फॉस्फरस असतो, आणि रानातल्या पाल्यात तो पुरेसा मिळतोच असे नाही. आपण बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतो ना? रानाची तशी व्यवस्था ही.

भेकराचे शिंग अगदी लहान, केसाळ खुंटावर बसवलेले. भेकर कुत्र्यासारखे भुंकते, म्हणून नवख्या माणसाला रात्री भलतीच शंका येते. आणि पिसोरी, म्हणजे सशाहून थोडे मोठे, अंगावर पांढरे ठिपके असलेले जनावर, त्याला शिंगेच नसतात; नराला दोन बारीक सुळे असतात. आमच्या रानात ही तिन्ही आहेत. चितळ पाहायचे तर मात्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जावे.

तिकडचा छंद, इकडचा कायदा

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. ती सांगते की तिकडे हिवाळा संपताना माणसे मुलाबाळांसह, कुत्र्यांना घेऊन, रानात गळलेली शिंगे शोधायला जातात. त्यांच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिंगे जानेवारी ते मार्चच्या सुमारास पडतात. वायोमिंग राज्यातल्या जॅक्सन गावी तर स्काउटची मुले एल्क नावाच्या मोठ्या हरणांची शिंगे गोळा करतात आणि मे महिन्यात त्यांचा जाहीर लिलाव होतो. लहान जमिनीचे मालक हरणे यावीत म्हणून मुद्दाम क्लोव्हर आणि ओट पेरतात. अर्थात त्यामागे शिकारीचा हंगामही असतो, हे विसरून चालणार नाही.

हे ऐकून आपल्याला वाटते, पडलेलेच तर शिंग, उचलले तर काय बिघडले? तर मैत्रिणींनो, आपल्याकडे बिघडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या सगळ्या हरणांना संरक्षण आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत शिंगाचाही समावेश आहे. परवान्याशिवाय ते बाळगणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा ठरतो. 'आपोआप गळलेले होते' ही सबब चालत नाही, आणि त्याला कारण आहे. गळलेले शिंग आणि मारलेल्या जनावराचे कापलेले शिंग, तुकडे केल्यावर ओळखणार कसे? एके काळी भारतातली गळलेली शिंगे सुऱ्यांच्या मुठींसाठी आणि बटणांसाठी परदेशी जात. त्या व्यापाराच्या आडून शिकारही खपू लागली, म्हणून नव्वदीच्या दशकात ती निर्यात बंद झाली. गिऱ्हाईक असले की पुरवठा होतोच, हे आपल्याला भाजीबाजारात वेगळे सांगावे लागत नाही.

जुन्या वाड्यांच्या भिंतींवर आजोबा-पणजोबांच्या काळची शिंगे असतात. त्यांची मालकीची नोंद झाली होती का, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागद शोधून ठेवावा. कागद नसेल तर लपवालपवी न करता वनखात्याच्या कचेरीत सल्ला घ्यावा. कागद असून ठेवायचे नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते स्वखुशीने सरकारजमा करण्याचीही सोय आहे. मोबदला मात्र मिळत नाही. आणि डब्यातल्या लेपाबद्दल एवढेच सांगते की छातीत दुखत असेल तर लेप नको, तडक डॉक्टर गाठा. त्या दुखण्यात तासाभराचा उशीरही जिवावर बेततो.

एका मुलीची गोष्ट

मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. दोन वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी दप्तरातून फडक्यात गुंडाळलेले शिंग घेऊन आली. तिचे वडील गुरे शोधायला रानात गेले होते, तेव्हा सापडले म्हणे. "बाई, साहेब याचे दोन हजार देणार आहेत, पण मी म्हटलं आधी बाईंना दाखवते," ती म्हणाली. साहेब म्हणजे जवळच्या एका बंगल्याचे मालक. त्यांना दिवाणखान्यात लावायला जोडी हवी होती. दुसरे आणले तर आणखी पैसे, असेही कबूल केले होते.

माझ्या पोटात धस्स झाले. दोन हजार म्हणजे त्या घरातली आठ दिवसांची मजुरी. पकडले गेले तर साहेबांचा वकील उभा राहील. हिच्या वडिलांचे कोण? आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो, तिच्या आईला बोलावून घेतले. ती बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, "बाई, आम्ही काय मारलं नाही हो. पडलं होतं ते उचललं." तसे तिने कागदावर सांगितले, आणि त्याच दिवशी वनरक्षकांना बोलावून शिंग त्यांच्या ताब्यात दिले. असे काही हाती आले तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवावे, असे कायदा सांगतो. आम्ही वेळेत होतो, म्हणून पुढे त्रास झाला नाही. पण त्या घरचे दोन हजार बुडाले ते बुडालेच. 'प्रामाणिकपणाचे फळ' वगैरे त्या माउलीला सांगायला माझी जीभ रेटली नाही. बंगल्यात शिंगे टांगायची हौस ज्यांना असते, त्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा. हौस एकाची, जोखीम दुसऱ्याची.

आपल्या पाच-दहा गुंठ्यांत काय करता येईल?

शिंग घरी आणण्यापेक्षा शिंगवाला सुखाने आपल्या बांधावरून गेला, तर ते जास्त शोभेचे नव्हे का? कडावच्या बाजूला आमचा पंधरा गुंठ्यांचा माळ आहे. तिथल्या अनुभवावरून आणि शेजारच्या वाडीतल्या ठाकर बायकांकडून शिकून काही गोष्टी सांगते.

कुंपण : काटेरी तार आणि नायलॉनची जाळी रात्री जनावराला दिसत नाही. आमच्या शेजारच्या जाळीत एकदा भेकर अडकले आणि धडपडून सकाळपर्यंत मेले. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "भाजीला कुंपण घाला, अख्ख्या रानाला कशाला?" असे त्यांनीच सुचवले. आता घराजवळच्या भाजीच्या वाफ्यांना तेवढे पक्के कुंपण आहे. बाकीच्या बांधाला निर्गुडी, सागरगोटा आणि करवंदीची जाळी. खर्चही कमी, आणि मे महिन्यात करवंदे मिळतात ती वेगळी.

झाडे : शोभेची परदेशी झाडे आणि हिरवळ यांचा हरणांना उपयोग नाही. आवळा, बेहडा, शिवण, उंबर, भोकर, बोर ही झाडे लावावीत. त्यांची गळलेली फळे ती आवडीने खातात. काटेसावरीची लाल फुले पडतात तेव्हा भेकरांची तर मेजवानीच. जून-जुलैत रोपे लावली, पहिले दोन उन्हाळे पाणी दिले, की पुढे ती आपली आपण वाढतात. घाणेरी आणि रानमोडी मात्र पावसाळ्यात, माती ओली असताना मुळासकट उपटावी. ती पसरली की गवत उगवत नाही.

पाणी : मार्च ते मे एक पसरट, उथळ टाकी जमिनीच्या रानाकडच्या कडेला ठेवावी, घराजवळ नव्हे. हरणामागून बिबट्याही येऊ शकतो. टाकीची एक बाजू उतरती असावी, म्हणजे पाडस किंवा खार पडली तरी वर येते. पाणी दोन दिवसांनी बदलावे. उघड्या विहिरीला कठडा आणि खड्ड्यांना झाकण हवेच.

वणवा आणि कुत्री : उन्हाळ्याच्या तोंडी बांधालगतचे वाळके गवत कापून पट्टा मोकळा करावा, पेटवू नये. कोवळी झाडे आणि दडून बसलेली पाडसे वणव्यात आधी जातात. रात्री कुत्रे बांधून ठेवावे. आणि शनिवार-रविवारी येऊन कुत्र्यांना खायला घालायचे, आठवडाभर त्यांना उपाशी सोडायचे, हे तर करूच नये. अशा कुत्र्यांची टोळी होते आणि ती भेकरे फाडते.

खाऊ नको : मुलांना वाटते, पोळी, पाव, तांदूळ ठेवावे. हरीण रवंथ करणारे जनावर. एकाएकी धान्य पोटात गेले तर ते आजारी पडते, मरतेही. शिवाय माणसाची सवय लागली की ते शिकाऱ्याच्या हाती आयते सापडते. रात्री ढोसून उजेड पाडणारे दिवेही नकोत. आवारातला एखादा दिवा पुरे.

पाडस दिसले तर

ही सूचना आपल्या स्वभावासाठी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. गवतात एकटे बसलेले पाडस दिसले की आपला जीव कळवळतो आणि आपण त्याला पदराखाली घेऊन येतो. तसे करू नका. हरिणी पाडसाला लपवून चरायला जाते आणि ठरावीक वेळी येऊन पाजते. ते हलत नाही, ओरडत नाही, हीच त्याची सुरक्षितता. आपण उचलले तर आईपासून तोडले, एवढेच होते. गाईचे दूध बाटलीने पाजून ते बहुधा वाचत नाही. कुत्री आणि मुले दूर न्यावीत आणि आपणही लांब जावे. जखम दिसत असेल किंवा जवळ मेलेली हरिणी असेल, तरच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. तो क्रमांक आजच फोनमध्ये लिहून ठेवा आणि घर सांभाळणाऱ्या दादा-वहिनींनाही द्या. आपण आठवड्याचे दोन दिवस तिथे असतो, ती दोघे रोज असतात.

एवढे केले तरी सांबर आपल्याला दिसेलच असे नाही. सकाळी चहाचा कप घेऊन बांधापर्यंत जावे, टाकीकाठच्या ओल्या मातीत जोडखुरांचा ठसा पाहावा, मुलांना दाखवावा, आणि मग पाणी भरून ठेवावे.