टाकीच्या पत्र्याचे दुखणे आवाजाने कळते



मोडनिंबच्या गट बैठकीत एका सभासदाने विचारले, "साहेब, मोलॅसिसची टाकी बाहेरून ठणठणीत दिसते. मग ऑफ सीझनला तपासणीवर पैसा कशाला?" मी शेतकी खात्याचा माणूस, तरी इंजिनिअरिंग खात्याकडून समजून घेतले ते आपल्या भाषेत सांगतो.

दि. 15 जानेवारी 1919 रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात मोलॅसिसची सुमारे 50 फूट उंच टाकी फुटली. 21 माणसे दगावली. आतील वजनाच्या मानाने पत्रा पातळ होता. मुळात जाड असलेला पत्राही गंजाने पातळ होतो. शिवाय टाकीचा तळ जमिनीला टेकलेला. त्याची खालची बाजू कोणाला दिसते?

कानाला ऐकू न येणारा आवाज पत्र्यात सोडून जाडी मोजण्याचे यंत्र असते. पण ते टेकवू तेवढ्याच जागेची जाडी सांगते. एका खड्ड्यातील मातीवरून सबंध रानाची परीक्षा करण्यासारखेच ते!

यावर दुसरी पद्धत आहे. तळ्यात दगड टाकला की लाट चौफेर पसरून विरते. पाटात तीच लाट काठांच्या आधाराने लांब जाते. पत्र्याच्या दोन बाजू म्हणजे हे काठच. त्यांमधून आडव्या धावणाऱ्या लहरींचे गणित होरेस लँब या इंग्रज शास्त्रज्ञाने 1917 साली मांडले, म्हणून त्यांना लँब लहरी म्हणतात. पोलादी पत्र्यात यांपैकी एक लहर सेकंदाला सुमारे 5400 मीटर धावते. वाटेत चीर किंवा झीज लागली की तिचा काही भाग मागे फिरतो. 2.7 मीटरवर चीर असेल, तर प्रतिध्वनी सेकंदाच्या हजाराव्या भागात परत येतो. वेळेवरून जागा कळते.

मात्र वेल्डिंगच्या सांध्यावरूनही प्रतिध्वनी येतो, आणि टाकी भरलेली असली तर लहरीचा जोर कमी होतो. पत्रा नेमका किती उरला हेही ती सांगत नाही. म्हणून लहरीने जागा हेरावी व तेथे जाडीच्या यंत्राने खात्री करावी. काम जाणत्या माणसाचेच आहे.

हिरव्यागार उसातही खोडकिडा असतो. तो वेळीच पाहिला तर फड वाचतो. टाकी आपल्या भागभांडवलातून उभी आहे, आणि तिच्या शेजारी आपलीच पोरे कामाला आहेत. तेव्हा वार्षिक सभेत जरूर विचारा: तपासणी कोठे झाली, आणि पत्रा किती उरला?